विनंती थांबा

लुडोविना खोका ठेवते ओट्यावर, हात जीन्सला पुसते.
"चार आहेत. डोळे उघडायचेत अजून.
सार्डिनच्या कारखान्यामागं, फाटक्या जाळ्यांच्या ढिगात.
आईची वाट पाहिली, नाही आली.
दोनच आठवडे, बेल्मीरु."
दोन आठवडे म्हणजे दोन महिने,
हे तिलाही ठाऊक, मलाही.

चौतीस वर्षं मी मातोझिन्युशच्या बंदरावरून बस नेली.
पहिली फेरी पहाटे सव्वापाचची.
त्यामुळं रात्री दर दोन तासांनी उठणं
मला फारसं जड जात नाही.
फरक इतकाच, तेव्हा पगार होता
आणि प्रवासी अंगावर मुतत नसत.
(शनिवारच्या शेवटच्या फेरीला
एखादा असायचाही.)

नावं मी थांब्यांची ठेवतो, मार्गाच्या क्रमानं.
दुसरं काही पाठच नाही मला.
मागच्या खेपेला दीपगृह, शाळा, मासळीबाजार झाले.
आता पूल. मग टपाल.
मग दफनभूमी.
तो थांबा मी गाळला.
मुठीएवढ्या जिवाला असलं नाव कोण देईल?
सरळ पुढचे दोन घेतले : गिरणी आणि टाकी.

काटा ग्रासिंदाचा.
नाताळचा खारवलेला मासा ती यावर पुन्हा तोलायची
आणि दुकानदाराशी भांडायला परत जायची.
मांजर घरात नको म्हणायची, केस उडतात.
तिच्याच लोकरी मोज्यात आता गरम पाण्याची बाटली,
बाटलीला बिलगून चार शेपट्या.
भिंतीवरच्या फोटोकडं
मी हल्ली जरा कमीच बघतो.

जुन्या ड्यूटीच्या तक्त्यामागं आकडे मांडतो.
पूल एकशे बारा. टपाल एकशे अठरा. टाकी एकशे नऊ.
गिरणी अठ्ठ्याण्णव.
दुसऱ्या दिवशी सगळी वर सरकली.
गिरणी अठ्ठ्याण्णव.
मग गिरणी पंच्याण्णव.
सिरिंजमधलं दूध तिच्या ओठांच्या कडेनं परत यायचं.
मी बोटानं पोट चोळत बसलो,
रेडिओवर समुद्राचं हवामान सांगत होते.
बुधवारी, चार ते सहाच्या मध्ये कधीतरी.

थांबा गाळला म्हणून काय झालं?
कुणी घंटा दाबली
की बस उभी करावीच लागते.

लुडोविना औषधांच्या दुकानातून तशीच आली, पांढऱ्या कोटावर.
धीराचं वगैरे काही बोलली नाही.
उरलेल्या तिघांच्या शेपट्या उचलून पाहिल्या,
"जुलाब नाहीत," म्हणाली,
आणि माझ्या सिंकमधली भांडी घासून गेली.

आई सापडली त्याच आठवड्यात,
पिंजऱ्यातल्या अर्ध्या सार्डिनला भुलून.
आचळं आटलेली.
शस्त्रक्रिया झाली, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं.
सोडायला मी गेलो.
दार वर केलं तरी ती निघेना,
जाळ्यांच्या ढिगाकडं बघत राहिली बराच वेळ.
मग विरुद्ध दिशेला गेली.

पूल गेला दातांच्या डॉक्टरणीकडं.
टपाल आणि टाकी जोडीनं, विला दु कोंडला,
एका निवृत्त खलाशाच्या घरी.
टपालला तिथं आता राजकुमारी म्हणतात.
असू दे.

शेजारीण विचारते, सोडवतं कसं रे तुला?
काय सांगू?
प्रत्येक थांब्यावर मी आरशात बघायचो,
उतरणारा नीट फुटपाथवर पोचला का, एवढंच.
तो कुठल्या गल्लीत वळतो
हे बघत राहिलो असतो
तर पुढच्या थांब्यावरची माणसं भिजत उभी राहिली असती.

काल रात्री अकराला फोन.
"पाच आहेत. एक भलताच आरडतोय."
माझा मार्ग टाकीपाशी संपतो.
परतीची फेरी, तेच थांबे उलटे.
मोजा दोरीवर अजून ओलसर,
इस्त्रीनं वाळवला.
काटा शून्यावर आणला.

दफनभूमी या वेळी गाळणार नाही.
आरडतोय ना तो,
त्यालाच देतो ते नाव.